एक टन म्हणजे किती बर्फ?

परवा कपाट आवरायला काढले, तेव्हा जुन्या एसीची पावती हाताला लागली. डिसेंबर २००९ची. कार्बनची निळी अक्षरे पुसट झाली आहेत, पण खाली दुकानदाराने स्वतःच्या हाताने लिहिलेले "२ टन, हेवी कूलिंग" एवढे मात्र अजून स्पष्ट वाचता येते. छत्तीस वर्षे मी शाळेत इतिहास शिकवला. मुलांनी नुसते "सन १८१८" म्हटले की "महिना कोणता?" असे विचारायची मला खोड. आणि घर सोडले तर आयुष्यातली सगळ्यात महाग वस्तू घेताना, "दोन टन म्हणजे कशाचे दोन टन?" एवढा साधा प्रश्न काही माझ्या तोंडून निघाला नाही.

त्या वर्षी मी निवृत्त झाले होते. फंडाचे पैसे हातात आले होते. मुलगा म्हणाला, "आई, आता तरी एक एसी घे." आम्ही कोथरूडला तिसऱ्या मजल्यावर, म्हणजे सगळ्यात वर राहतो. डोक्यावर थेट गच्ची. डिसेंबरात एसी स्वस्त मिळतो असे कुणीतरी सांगितले, म्हणून भर थंडीत स्वेटर घालून आम्ही दोघे एसी घ्यायला गेलो! स्वस्त मिळाला खरा. ७ जानेवारी २०१०पासून घरगुती एसीवर वीजबचतीच्या ताऱ्यांचे लेबल सक्तीचे होणार होते आणि आमच्या यंत्रावर एकही तारा नव्हता, ही सांगड मला पुढे बऱ्याच वर्षांनी लागली. दुकानातला मुलगा म्हणाला, "मॅडम, खोली लहान असली तरी मशीन मोठं घ्या. पाच मिनिटांत काश्मीर!" आम्ही वाढत्या अंगाचे कपडे शिवणाऱ्या पिढीतली माणसे. मोठे ते चांगले, पुढे उपयोगी पडेल, हे आमच्या हाडात भिनलेले. खोली काही वाढत्या अंगाची नव्हती, हे कुणाच्या लक्षात येणार?

तर असे ते दोन टनांचे धूड दहा बाय बाराच्या खोलीत पंधरा वर्षे राहिले. सुरू झाले की आधी घरातले दिवे क्षणभर मंद व्हायचे. मग पाच-सात मिनिटे बर्फासारखा झोत. मग खट्ट आवाज होऊन बंद. थोड्या वेळाने पुन्हा दिवे मंद, पुन्हा झोत. रात्रभर आमचे पांघरूण अंगावर घे, बाजूला सार, असे चालायचे. जूनच्या सुरुवातीला, पाऊस तोंडावर आलेला असताना तर खोली गार असूनही अंग चिकट लागे. न वाळलेल्या चादरीवर झोपल्यासारखे वाटायचे. आम्हाला वाटे, एसी म्हणतात तो असाच असतो. मे महिन्याचे बिल तीनशे युनिटांच्या वरच्या टप्प्यात जायचे आणि हे दर वर्षी ते बिल चष्मा पुसून पुन्हा वाचायचे.

२०२३ साली ह्यांच्या हृदयाची ताकद कमी झाल्याचे निदान झाले. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि एक अट घातली. दिवसाला दीड लिटरच्या वर पाणी नाही. चहा, ताक, आमटी, गोळीबरोबरचा घोट, सगळे त्या दीड लिटरातच धरायचे. ज्यांच्या घरात असा रुग्ण आहे त्यांना मी काय म्हणते ते कळेल. इतरांनी एकदा एप्रिलातल्या पुण्यात करून पाहावे. सकाळी मी मापाचा जग भरून ठेवते. चहा केला की तेवढे पाणी जगातून कमी करते. ह्यांचे लक्ष दिवसभर त्या जगावर. माणसाला घाम येतो, घसा सुकतो आणि समोर पाणी असून पिता येत नाही. अशा माणसासाठी गार खोली ही चैन राहत नाही, हे मी डॉक्टरांनी सांगायच्या आधीच समजले होते.

आणि एप्रिल २०२५मध्ये एका रात्री ते धूड बंद पडले ते कायमचेच. रात्री साडेनऊला खोलीतल्या थर्मामीटरवर ३६ अंश. जग दहालाच रिकामा झाला होता. मी गच्चीवर जाऊन चार बादल्या पाणी ओतले. माझ्या आईची रीत आठवली तसा ओला पंचा खिडकीत बांधला, दुसरा पिळून ह्यांच्या पायावर ठेवला. पहाटे तीनच्या सुमारास वारा सुटला, तेव्हा ह्यांचा डोळा लागला. माझा नाहीच लागला.

सकाळी एका मोठ्या दुकानात फोन केला. तिकडून खोलीचे माप न विचारताच उत्तर आले, "टॉप फ्लोअर ना? मग दोन टनच. आणि आजी, हॉट अँड कोल्ड घ्या, थंडीत पण चालेल." सगळे मिळून बासष्ट हजार. मी जवळजवळ हो म्हणणार होते. रात्रीची धास्ती होती, दुसरे काय. पण पावतीवरचे ते "हेवी कूलिंग" आठवले आणि मी आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याला फोन लावला. १९९८च्या दहावीच्या तुकडीतला. इतिहासात पस्तीस मार्क, तेही मी हात सैल सोडल्यामुळे. पुढे औंधच्या आयटीआयमध्ये शिकला आणि आता फ्रिज-एसी दुरुस्तीचा त्याचा स्वतःचा धंदा आहे. तासाभरात स्कूटरवर आला. चपला बाहेर काढल्या, ह्यांच्या पाया पडला आणि खिशातून टेप काढला.

"बाई, आधी बघू तुम्हाला बर्फ किती लागतो ते."

"बर्फ? अरे, मला एसी हवाय."

"टन म्हणजे बर्फच की, बाई. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता ओढून घेईल, तेवढी ओढणारं मशीन म्हणजे एक टनाचं. आयटीआयमध्ये पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. तेवढं पाठ आहे."

पस्तीस मार्कवाल्याने बाईंना इतिहासाचा धडा दिला! तो भिंती मोजत होता तोवर मी गप्प होते, पण तो गेल्यावर चार दिवस मी त्या बर्फाच्याच मागे होते. जे हाती लागले ते इथे लिहून ठेवते.

अमेरिकेत बॉस्टन शहरात फ्रेडरिक ट्यूडर नावाचा एक व्यापारी होता. हिवाळ्यात तिथली तळी गोठतात. त्या बर्फाच्या लाद्या कापून उष्ण देशांत विकायच्या, असे त्याच्या डोक्यात आले. १८०६ साली त्याने पहिले जहाज वेस्ट इंडिजमधल्या मार्टिनिक बेटावर पाठवले, तेव्हा लोकांनी त्याला वेड्यात काढले आणि त्याला तोटाही झाला. पण गडी चिवट. लाकडाच्या भुशात बर्फ टिकतो हे त्याने ओळखले. लाकडाच्या गिरण्यांना तो भुसा नकोसाच असायचा. मे १८३३मध्ये 'टस्कनी' नावाचे जहाज सुमारे १८० टन बर्फ घेऊन बॉस्टनहून निघाले आणि चार महिन्यांनी, सप्टेंबरात कलकत्त्याला पोचले. विषुववृत्त दोनदा ओलांडून! वाटेत बराच वितळला, तरी शंभरेक टन शिल्लक होता. लवकरच मद्रास आणि मुंबईलाही अमेरिकेचा बर्फ येऊ लागला. मुंबईत फोर्टमध्ये सेंट अँड्र्यूज चर्चच्या शेजारी त्यासाठी घुमटाकार बर्फघर होते. ते आता नाही. मद्रासचे बर्फघर मात्र अजून उभे आहे. १८९७मध्ये स्वामी विवेकानंद तिथे उतरले होते, म्हणून आज ते त्यांच्या नावाने ओळखले जाते. बॉस्टनजवळच्या ज्या वॉल्डन तळ्याकाठी थोरो झोपडी बांधून राहिला, त्या तळ्यावरही बर्फ कापणारे आले होते आणि तो बर्फ हिंदुस्थानातल्या माणसांच्या पेल्यात पोचतो, या कल्पनेची त्याला मोठी मौज वाटली होती. मुंबईची एक गोष्ट तर फारच गमतीची. १८३४च्या सुमारास सर जमशेटजी जीजीभॉय यांनी मेजवानीत पाहुण्यांना आइस्क्रीम दिले. नंतर यजमानांना आणि काही पाहुण्यांना पडसे झाले, तेव्हा परक्या देशाचे गार पदार्थ खाल्ले की असेच व्हायचे, असा शेरा एका गुजराती वर्तमानपत्राने मारला म्हणतात. आमच्या आजीचे मत याहून वेगळे नव्हते.

पुढे बर्फ करणारी यंत्रे आली आणि १८८०च्या सुमारास हा जहाजी व्यापार आटोपला. पण मापाची सवय राहिली. यंत्र घेणारा विचारी, "हे किती टन बर्फाचे काम करील?" आणि विकणारा त्याच भाषेत सांगे. अमेरिकी टन दोन हजार पौंडांचा, म्हणजे ९०७ किलो. तेवढा बर्फ दिवसभरात वितळताना जी उष्णता शोषतो, ती आजच्या हिशेबात साधारण ३,५०० वॅट. दुकानात आपण "दीड टन, दोन टन" म्हणतो, तेव्हा आपण ट्यूडरचा बर्फ मोजत असतो. मी आकडेमोड केली. 'टस्कनी'ने कलकत्त्याला उतरवलेला शंभर टन बर्फ एक टनाच्या हिशेबाने शंभर दिवस पुरला असता. आमच्या दोन टनी धुडाने तो पन्नास दिवसांत फस्त केला असता.

आणखी एक गोष्ट कळली आणि तिने माझे जूनमधले चिकट अंग समजावून सांगितले. १९०२ साली विलिस कॅरियर या तरुण इंजिनिअरने न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या एका छापखान्यासाठी जे यंत्र आखले, त्याला आजच्या एसीचा पूर्वज मानतात. ते माणसांसाठी नव्हतेच. दमट हवेने कागद फुगे, एकावर एक रंग छापताना जुळत नसत, त्यावरचा तो उपाय होता. म्हणजे हवेतले पाणी काढणे हे त्याचे पहिले काम. आता गंमत अशी की हवेतले पाणी गार नळ्यांवर जमून निथळायला वेळ लागतो. यंत्र सलग चालले तरच ते जमते. गरजेपेक्षा मोठे यंत्र पाच मिनिटांत खोली गार करते, स्वतः बंद पडते आणि ओलावा खोलीत तसाच राहतो. दमट गारठा! पंधरा वर्षे आम्ही त्यात झोपलो आणि त्याचे पैसेही भरले.

हे सगळे झाले यंत्राचे. पण पुण्याला गारव्यासाठी यंत्र लागायचे कुठे? पुण्याची हवा म्हणजे पेन्शनरांची हवा, असे आम्ही लहानपणापासून ऐकलेले. ते सगळे खरे नव्हे. ३० एप्रिल १८९७ला पुण्यात ४३.३ अंशांची नोंद आहे. एसी नव्हता, विजेचा पंखा नव्हता, आणि वर प्लेगचे वर्ष. उन्हाळा पूर्वीही होता. फरक घरांत होता. आणि कोणाच्या वाट्याला काय येई, त्यातही होता.

गोऱ्या साहेबाने सोपा मार्ग काढला होता. हवा गार करत बसण्यापेक्षा गार हवेत जाऊन राहायचे. मुंबईचा गव्हर्नर उन्हाळ्यात महाबळेश्वरला आणि पावसाळ्यात पुण्याला. गणेशखिंडीतला त्याचा बंगला म्हणजे आजच्या विद्यापीठाची मुख्य इमारत. हवामान खात्याचे कार्यालयही १९२८मध्ये सिमल्याहून पुण्याला आले, म्हणून तर आपण शिवाजीनगरच्या त्या चौकाला अजून सिमला ऑफिस म्हणतो. साहेब कचेरीत बसला की डोक्यावर कापडी झालरीचा पंखा हलायचा आणि त्याची दोरी ओढणारा व्हरांड्यात बसून घामाने निथळायचा.

त्याआधी पेशवाईत नानासाहेबांनी कात्रजला तलाव बांधून दगडी नळातून पाणी शहरात आणले. वाड्यावाड्यांतल्या हौदांना, कारंज्यांना ते खेळू लागले. काळा हौद, बाहुलीचा हौद ही नावे त्याच पाण्याची. वाहते पाणी हवेत उडाले की भोवतालची हवा गार होते. वाळ्याचे पडदे भिजवून दाराला लावायचे त्यामागचे शास्त्रही हेच. आणि विदर्भात ज्या कूलरशिवाय उन्हाळा निघत नाही, तो कूलर म्हणजे त्याच पडद्याला जोडलेला पंखा. हवा कोरडी असेल तर याच्यासारखा स्वस्त उपाय नाही. पुण्यात एप्रिलच्या दुपारी तो चालतो, वळिवानंतर मात्र त्याचा फक्त आवाज येतो.

माझा जन्म नारायण पेठेतल्या वाड्यातला, १९५१चा. हातभर रुंद भिंती, विटांच्या आणि मातीच्या. मधे चौक, भोवती ओसरी. अशी भिंत सकाळचे ऊन आत पोचवायला रात्र करते आणि तोवर बाहेर गार झालेले असते. चौकातली तापलेली हवा वर जाई आणि बोळाच्या तोंडाची सावलीतली हवा आत ओढली जाई. माजघरात तर भर वैशाखातही शेणाने सारवलेल्या जमिनीवर गाल टेकला की झोप यायची. पण मी हे आठवते ते मुलगी म्हणून. आजोबा ओसरीवरच्या झोपाळ्यावर. आई स्वयंपाकघरात, चुलीपुढे. त्या खोलीला हातभर लांबीची एक खिडकी आणि वर धुराडे. वाड्याच्या गारव्याचे गोडवे गाणारे लेख मी पुष्कळ वाचले आहेत. त्यातला एकही चुलीपुढे बसून लिहिलेला नाही. आई दुपारी दीडला बाहेर यायची, तेव्हा तिचे लुगडे पाठीला चिकटलेले असायचे आणि ओला पंचा ती सगळ्यात शेवटी स्वतःच्या मानेवर टाकायची.

१२ जुलै १९६१ला पानशेत फुटले. मी दहा वर्षांची होते. तीच मातीची भिंत, जी उन्हाला रात्रीपर्यंत दाद देत नव्हती, ती पाण्यापुढे दुपारभरात बसली. आमच्या वाड्याचा नदीकडचा अर्धा भाग गेला. असे किती वाडे गेले! जे उरले त्यांतले पुढे बिल्डरांनी पाडले. मालकीच्या फ्लॅटचा कायदा १९६३चा, आणि मग पेठांतली माणसे डेक्कन, कर्वे रस्ता, कोथरूड करत पसरली. आम्ही १९८३मध्ये इथे आलो. नळाला पाणी, घरात संडास, उभ्याने स्वयंपाक करायचा ओटा आणि त्यावर मोठी खिडकी. आई आमच्याकडे राहायला आली, तेव्हा त्या खिडकीपुढे उभी राहून म्हणाली, "इथे वारा येतो गं." तिला वरच्या स्लॅबची तक्रार करावीशी कधी वाटली नाही.

स्लॅबचा स्वभाव मात्र वाईट. चार-पाच इंच काँक्रीट. दिवसभर ऊन पिते आणि संध्याकाळी सहापासून रात्री अकरापर्यंत ते आपल्या डोक्यावर ओकते. बाहेर गच्चीवर गार वारा असतो आणि खाली खोलीत भट्टी. कौलारू छपरही तापे, पण दिवे लागायच्या आत निवे. मे महिन्यात आमच्याकडे छताला हात लावला तर इस्त्रीला लावल्यासारखे वाटते. २८ एप्रिल २०१९ला पुण्याचा पारा ४३ अंशांवर गेला होता. त्या रात्री आम्ही दोघे गच्चीवरच झोपलो होतो. आता ह्यांना जिना चढवत नाही.

असो. आपण टेप घेऊन आलेल्या त्या मुलाकडे येऊ. त्याने खोली मोजली, खिडकी मोजली, पश्चिमेची भिंत कोणती ते विचारले, खोलीत किती माणसे झोपतात ते विचारले. मग माझ्याकडून पाठकोरा कागद मागून घेतला. स्लॅबमधून येणारी उष्णता सात-आठशे वॅट. पश्चिमेच्या खिडकीतून येणारे ऊन पाचशे. भिंत दोनशे. दोन माणसे अडीचशे (माणूस नुसता बसला तरी शंभर-सव्वाशे वॅट उष्णता टाकतो म्हणे). पंखा-दिवा शंभर. दाराखिडक्यांच्या फटींतून येणारी गरम हवा दोन-तीनशे. बेरीज बावीसशेच्या आसपास. "कडक दिवसासाठी वर पाचशे धरा. सत्तावीसशे. एक टन म्हणजे पस्तीसशे. झालं की, बाई! दोन टन म्हणजे सात हजार. एवढ्यात तुमचा हॉलही गार होईल, फक्त हॉल इथे नाहीये."

मी आयुष्यभर मुलांना "रीत दाखवा, नुसते उत्तर नको" म्हणत आले. बासष्ट हजार सांगणाऱ्या दुकानाने मला नुसते उत्तर सांगितले होते. याने रीत दाखवली. कुठला आकडा पटला नाही तर त्यावर बोट ठेवता येत होते. ह्यांनी ठेवलेही. "खिडकीचे पाचशे कमी करता येतील का?" येतील म्हणाला, बाहेरून चटई सोडा. आतला पडदा ऊन खोलीत आल्यावर अडवतो, बाहेरची चटई येण्याआधी अडवते.

हॉट अँड कोल्डचे मी विचारले. तो हसला. "बाई, पुण्यात घर तापवायला मशीन? गोधडी आहे ना?" तेही खरेच. पुण्यात १७ जानेवारी १९३५ला १.७ अंश तापमान नोंदले गेले होते. त्या पहाटेसुद्धा पुणेकरांनी फार तर शेगडी पेटवली असेल आणि बंबात दोन ढलप्या जास्त सारल्या असतील. आमच्याकडे थंडीत तापवावे लागते ते आंघोळीचे पाणी, आणि ते गच्चीवरचा सोलर तापवतो. तरीही ह्यांच्यासाठी मी क्षणभर विचार केला. मग जानेवारीतली खोली आठवली. पहाटेही अठरा-एकोणीस अंश असते. नको म्हटले.

दुकानात तो माझ्याबरोबर आला. त्याने मला टन वाचायचे सोडून लेबलावरचे वॅट वाचायला शिकवले. दीड टन म्हणजे खरे तर ५,२७५ वॅट. पण "दीड टन" म्हणून मांडलेल्या यंत्रांपैकी बऱ्याच यंत्रांच्या लेबलावर पाच हजाराच्या आगेमागे आकडे होते. मोठ्या अक्षरांत टन, बारीक अक्षरांत वॅट. ताऱ्यांचेही तसेच. ताऱ्यांचे कोष्टक सरकार अधूनमधून कडक करते, त्यामुळे जुन्या सालचे पाच तारे आणि नव्या सालचे पाच तारे एक नव्हेत. लेबलावरचे साल बघायचे. इतिहासाच्या बाईला हे कुणी सांगायला नको होते! घेतलेले यंत्र एक टनाचे, पाच ताऱ्यांचे, इन्व्हर्टरचे. म्हणजे खोली गार झाली की ते खट्ट करून बंद पडत नाही, हळू चालत राहते. मूळ किंमत तीस हजार, वर २८ टक्के जीएसटी, एकूण अडतीस हजार चारशे. पुढे २२ सप्टेंबर २०२५पासून हा कर १८ टक्के झाला, तेव्हा नातवाने फोन करून "आज्जी, तीन हजार वाचले असते" असे ऐकवले. सप्टेंबरपर्यंत थांबायला आजोबांना सांगायला हवे होते, असे मी त्याला म्हटले.

बसवण्यातही पैसे जातात हे लक्षात ठेवा. खोक्याबरोबर येणारी तांब्याची नळी बहुतेक वेळा तीन मीटरच असते आणि पुढच्या नळीचा भाव ऐकून आपण बसकण मारतो. आमचे जुने बाहेरचे यंत्र पश्चिमेला, भर उन्हात टांगलेले होते. त्याने नवे यंत्र उत्तरेच्या गॅलरीत, सावलीत बसवले, नळी तीन मीटरांत भागवली. जुने धूड मोडीत देताना त्यातला वायू आधी सिलिंडरमध्ये ओढून घेतला. तो आर-२२, ओझोनच्या थराला घातक, हवेत सोडायचा नसतो. मग तांबे वेगळे, अॅल्युमिनियम वेगळे तोलून घेतले. दुकानाने एक्स्चेंजमध्ये तीन हजार देऊ केले होते, भंगारवाल्याने साडेपाच दिले.

जाताना तो म्हणाला, "बाई, खरं तर गच्चीला चुना मारा. एसी नंतर, चुना आधी." आमच्या गच्चीवरचा कोबा पावसाने काळवंडलेला. काळ्यावर ऊन मुरते, पांढऱ्यावरून बरेचसे परत जाते. अहमदाबादेत २०१०च्या उन्हाळ्यात फार माणसे दगावली, त्यानंतर २०१३मध्ये त्या शहराने उष्म्याशी सामना करण्याचा आराखडा केला, आणि पुढे तिथल्या वस्त्यांत छपरे पांढरी करायची मोहीमच निघाली. आम्ही आमच्या खोलीपुरता चुना काढला. फेव्हिकॉल घालून, दोन हात. मजुरीसकट चोवीसशे रुपये. त्यावर सोसायटीत कुरबुर झाली. "तुमच्याच तुकड्यावर पांढरं आणि बाकी काळं, दिसायला बरं दिसत नाही." गच्ची दिसते कुणाला? घारींना!

पहिल्या रात्री आम्ही २६ अंशांवर ठेवले आणि पंखा एकवर. अकराच्या सुमाराला यंत्राचा आवाज इतका बारीक झाला, की ह्यांनी दोनदा विचारले, "चालू आहे ना?" दिवे एकदाही मंद झाले नाहीत. सकाळी मी जग विसळायला घेतला तर त्यात पेलाभर पाणी उरले होते. त्या महिन्याचे बिल २१२ युनिटांचे आले. आदल्या वर्षीच्या मे महिन्याचे ३४७ होते. ह्यांनी ते चष्मा पुसून दोनदा वाचले.

यंदाच्या मार्चात सोसायटीच्या सभेत मी आमचा चुना, आमचे बिल आणि तो पाठकोरा कागद सगळ्यांपुढे ठेवला. शेजारच्या वहिनींनी सांगितले की त्यांच्या सासूबाई दुपारी हल्ली आमच्या खोलीत येऊन बसतात (हे खरे आहे, आणि त्यांचा चहा आमच्या जगातून जात नाही). बराच वेळ चर्चा झाली. पूर्ण गच्चीला चुना लावायचे तत्त्वतः मंजूर झाले आहे. सेक्रेटरींनी तीन कोटेशने मागवली आहेत.